एकही एरर नाही

तारोडी, ६ सप्टेंबर

प्रिय ममता,

हे पत्र रेजिनामावशीच्या टोपलीतून येतंय, तेव्हा त्याला बोंबलांचा वास येईल. फोन केला असता, पण फोनवर तू "बघते गं" म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो. कागदावर विचारलं की कागदावर उत्तर द्यावं लागतं. मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी पूनम सागरच्या बाजारात बसते, तुझ्या बिल्डिंगच्या गेटसमोरच. उत्तर तिच्याकडे दे.

रॉनी गेला. आमच्या शेजारच्या घरातला, शॅननचा नवरा, माझ्या भावाच्या बोटीवरचा खलाशी. माझ्या लग्नात तू त्याला पाहिलं होतंस, जेवण वाढताना सगळ्यांची थट्टा करणारा तोच. पहाटे गॅब्रियलची बोट गेली, दुपारी वारा सुटला, संध्याकाळी बोट परत आली आणि रॉनी आला नाही. नंतर तो पालीच्या खडकांवर सापडला.

आता मुद्दा. वादळाचा इशारा तांडेलांच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्यांच्या, फोनवर पाठवायची सिस्टीम तुमच्या कंपनीने मत्स्यव्यवसाय खात्यासाठी बनवलीय. त्यावर तू काम करतेस. खात्याचे साहेब परवा चर्चच्या हॉलमध्ये आले होते. त्यांनी लॅपटॉप सगळ्या गावाकडे वळवून दाखवला. गॅब्रियलच्या बोटीपुढे हिरवी खूण. "इशारा आदल्या संध्याकाळीच पाठवलाय. पाठवणं आमचं काम, वाचणं तुमचं."

गॅब्रियल म्हणतो, "मला मेसेज आलाच न्हाय." गावातल्या बाकीच्या बोटी घरी राहिल्या, आणि हा एकटा बाहेर पडला. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? दफनाच्या वेळी शॅननच्या बापाने सगळ्यांसमोर विचारलं, "तुला मेसेज आलता का न्हाय? आमच्या पोरीच्या तोंडाकडं बघून सांग." गॅब्रियलने सांगितलं. शॅननने तोंड फिरवलं.

माझा भाऊ हट्टी आहे, उर्मट आहे, पण खोटं बोलत नाही. खोटं बोलायला लागते ती कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही. तू आत आहेस. मला एवढंच सांग, मेसेज गेला होता का?

तुझी,
जुडिथ

---

पूनम सागर, मीरा रोड, १३ सप्टेंबर

प्रिय जुडिथ,

पत्र वाचून खूप वाईट वाटलं. शॅननला काय म्हणावं ते सुचत नाही. मी यायला हवं होतं, पण ऑफिसमधून निघणंच होत नाहीये.

तू विचारलंस म्हणून मी स्वतः बघितलं. त्या संध्याकाळची सगळी यादी काढली. गॅब्रियलच्या बोटीपुढे "पाठवला" असंच आहे. वेळसुद्धा बरोबर आहे. त्या दिवशी आमच्या सिस्टीममध्ये एकही एरर नाही. मी तुला खोटा दिलासा देत नाही. खरंच एकही नाही.

फोनला रेंज नसेल. बॅटरी गेली असेल. कधी कधी माणूस मेसेज बघतो, पुसून टाकतो आणि नंतर त्याला खरंच वाटतं की बघितलाच नव्हता. मी गॅब्रियलला दोष देत नाही गं. पण इतक्या मोठ्या धक्क्यात माणूस स्वतःशीही नीट बोलत नाही. तू त्याच्या पाठीशी उभी राहा, पण सिस्टीमच्या मागे लागू नकोस, त्यातून काही निघणार नाही.

कौस्तुभ सर, म्हणजे आमचे प्रमुख, म्हणाले की खातं ऑक्टोबरअखेर सुनावणी घेणार आहे. तिथे त्याला बोलायची संधी मिळेल.

काळजी घे. बोंबील मावशीकडून घेतले.

तुझी,
ममता

---

तारोडी, १७ सप्टेंबर

ममता,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि बसून पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की हे त्या साहेबांनीच लिहून पाठवलंय.

रेंज नसेल! इशाऱ्यासाठी खात्याला भरून दिलेल्या फॉर्मवर दोन नंबर आहेत. एक गॅब्रियलचा, दुसरा वहिनीचा. आमच्याकडे सगळे असंच लिहितात. समुद्रात फोन लागत नाही, ओला होतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डब्यात पडलेला असतो. म्हणून त्याच रकान्यात तिरकी रेघ मारून घरातल्या बाईचाही नंबर द्यायचा. एकाला नाही लागला तर दुसऱ्याला लागेल. रेशनच्या कागदावर तसंच, बँकेत तसंच, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा. वहिनी त्या आठवड्यात वसईला तिच्या आजारी आईजवळ होती. फोन हातात, भर गावात, पूर्ण रेंजमध्ये. तिलाही मेसेज नाही. आता दोघांचीही बॅटरी एकाच संध्याकाळी गेली असं म्हणतेस का? की दोघांनाही धक्का बसून विसर पडला?

तू म्हणशील, गावात कुणीतरी सांगितलं असतं. सांगितलंच असतं. तारोडीत एका घरी आलेला मेसेज चहा उकळेपर्यंत पंधरा घरी पोचतो. पण त्या संध्याकाळी गॅब्रियल आणि रॉनी भाईंदरला बर्फ आणायला गेले होते. तिथून थेट धक्क्यावर गेले, बर्फ भरला, बोटीवरच झोपले. त्यांच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट होती, तुमचा मेसेज.

आणि "एकही एरर नाही" हे तू मला दिलासा म्हणून लिहितेस? मी वीस वर्षं शाळेत शुद्धलेखनाच्या वह्या तपासतेय. ज्या वर्गात एकाही वहीत एकही चूक नसते तिथे मी खूश होत नाही, मी उभी राहते आणि विचारते, कुणाची बघून लिहिलीत? माणसांनी भरलेले हजारो फॉर्म, कुणी घाईत भरलेला, कुणी चष्मा नसताना, आणि तुमच्या यंत्राला त्यात एकदाही अडखळायला झालं नाही? असं निर्दोष काहीही जगात नसतं ममता. असं दिसतं तेव्हा कुणीतरी चुका झाकलेल्या असतात.

कॉलेजात वादविवादाला जायचो तेव्हा मुद्दे तू काढायचीस आणि भाषण मी करायचे. भाषण माझ्याकडे तयार आहे. मुद्दा काढ.

जुडिथ

---

पूनम सागर, ३ ऑक्टोबर

जुडिथ,

हे पत्र वाचून झाल्यावर कुणाला दाखवू नकोस. गॅब्रियललाही नाही. मी स्वतः लिहून देणार आहे, तोपर्यंत थांब.

तू बरोबर होतीस. मेसेज गेला नव्हता.

तुला समजेल असं सांगते. प्रोग्राममध्ये एक भाग असतो, काही बिघडलं तर काय करायचं तो. जाणता माणूस तिथे एकेका चुकीचं नाव घेतो. शोधलेली नोंद सापडली नाही तर हे कर, एकाऐवजी चार सापडल्या तर ते कर, आकड्याच्या जागी भलतंच काही आलं तर असं कर. अगदी शेवटी, कुणाच्या कल्पनेतही न आलेल्या चुकांसाठी "इतर" असा दरवाजा ठेवलेला असतो. त्या दरवाजातून काही आलं तर निदान लिहून ठेवायचं: कुठली चूक, कुठल्या नोंदीवर, कधी. आणि ओरडायचं. आमच्या प्रोग्राममध्ये एकाही चुकीचं नाव नाही. थेट "इतर" आहे, आणि त्याखाली एकच शब्द, "नल". म्हणजे काही करू नकोस, पुढे चल.

फोनच्या रकान्यात लोक काहीही लिहू शकतात. पण मेसेज पाठवताना प्रोग्राम त्या मजकुराचा आकडा करायला जातो. मधे तिरकी रेघ आली की आकडा होत नाही, चूक उसळते. ती "इतर"च्या दरवाजात जाते आणि नाहीशी होते. मेसेज जात नाही. यादी संपली की शेवटची ओळ सगळ्यांच्या नावापुढे एकदम "पाठवला" लिहून टाकते. ज्यांना गेला त्यांच्या आणि ज्यांना नाही गेला त्यांच्याही.

मी चाचणीच्या प्रतीवर तो "नल" काढला आणि तीच यादी पुन्हा चालवली. प्रोग्राम गॅब्रियलच्या बोटीवर येऊन थांबला आणि लाल अक्षरांत ओरडला. मग मी थांबायच्या ऐवजी प्रत्येक चूक लिहून घ्यायला लावली. पडद्यावर बोटी येतच राहिल्या, जुडिथ. तारोडी, पाली, उत्तन, सगळीकडच्या. सगळ्यांच्या रकान्यात दोन नंबर. एकालाही मेसेज गेला नव्हता. शेजाऱ्याला आला आणि त्याने सांगितलं म्हणून ते घरी राहिले. कुणाच्या फोनवर आला हे कुणी कशाला बघेल?

ज्यांनी जास्त काळजी घेतली, नेमके तेच वगळले गेले.

कौस्तुभ सरांकडे गेले. तो भाग त्यांनीच लिहिलाय. म्हटलं, "सर, इथे नल का आहे?"

"डेमोच्या दिवशी एका खराब नोंदीवर अख्खी यादी अडकली होती. खात्याचे साहेब समोर बसलेले. तू असतीस तर काय केलं असतंस?"

"चुकीची नोंद तरी ठेवली असती."

"ठेवली होती ना. दुसऱ्या डेमोला स्क्रीनवर लाल ओळी दिसायला लागल्या. साहेब म्हणाले, हा लाल रंग काढा, मंत्रालयात दाखवायचंय. काढला."

त्यांनी हे लपवलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "आता काय करायचं म्हणतेस?" मी म्हटलं, लिहून द्यायचं. ते म्हणाले, बघू. सर वाईट नाहीत गं. सासूबाईंच्या केमोच्या वर्षात त्यांनी मला घरून काम करू दिलं, वरच्यांशी भांडून. पण मी लिहून देणार. सुनावणीला येऊन सांगणार.

ममता

---

तारोडी, ७ ऑक्टोबर

प्रिय ममता,

पत्र कपाटात, आईच्या बायबलखाली ठेवलंय. कुणालाही दाखवलेलं नाही. तू सांगितलंस म्हणून. नाहीतर आत्ता चर्चची घंटा वाजवून सगळ्या गावाला वाचून दाखवलं असतं.

त्या एका शब्दावर मी दोन दिवस विचार करतेय. "इतर." आमची जन्मापासूनची ओळख आहे त्याच्याशी. शहराचा आराखडा आला, त्यात गृहसंकुलं होती, मॉल होते, रस्ते होते, आणि मासे सुकवायची आमची जागा "इतर वापर" मध्ये होती. मराठी बोलणारे ख्रिस्ती कुठल्या रकान्यात बसवायचे ते कुणाला कधी कळलं नाही, म्हणून "इतर". मला वाटायचं, ही सरकारी आळशीपणाची सवय आहे. तू दाखवलंस की याची रीतसर पद्धत असते. आधी नाव घ्यायचं नाही. मग सगळ्यांना एका दरवाजाने आत घ्यायचं. आणि दरवाजामागे काहीही ठेवायचं नाही. यंत्राला हे आपोआप सुचत नाही, ममता. कुणीतरी खुर्चीत बसून ते टाईप करतं, आणि दुसऱ्या कुणाला लाल रंग आवडत नाही म्हणून करतं.

तुझे सर वाईट नाहीत. कबूल. वाईट माणसांशी भांडायला मला कधी त्रास झाला नाही. थकवतात ती ही चांगली माणसं.

गॅब्रियल समुद्रावर जात नाही. खलाशी मिळत नाही त्याला. दिवसभर जाळं घेऊन बसतो, विणलेलं उसवतो आणि पुन्हा विणतो. शॅनन आमच्या अंगणातून नळावर जायची, आता मागून, गटाराच्या बाजूने जाते. गेल्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर गॅब्रियल तिच्यापाशी गेला. म्हणाला, "शॅनन, खरंच न्हाय आला गं." ती म्हणाली, "पुन्हा बोललास तर दगड घालीन डोक्यात."

सुनावणी ३० तारखेला, आमच्याच हॉलमध्ये. ये. फक्त एवढंच बोल, मेसेज गेला नव्हता. पुढचं मी बघते.

तुझी,
जुडिथ

---

पूनम सागर, २५ ऑक्टोबर

जुडिथ,

मी येऊ शकत नाही. पूर्ण वाच, मग काय ते बोल.

प्रोग्राम बदललाय. आता तिरकी रेघ आली तर दोन्ही नंबरांवर मेसेज जातो आणि चूक झाली तर नोंद होते. मीच केलं ते. पुढच्या वेळी कुणाच्या घरी असं होणार नाही, निदान हे तरी झालं. जुनी प्रत आता कुठेच नाही. खात्याला "नियमित सुधारणा" असं कळवलंय.

माझ्याकडून एका कागदावर सही घेतलीय की कामातली माहिती बाहेर बोलणार नाही. घरी नीरज म्हणाला, सही कर, नोकरी गेली तर आपलं कसं होणार? मी केली.

अजून एक, आणि हे मैत्रीण म्हणून सांगते. दोन नंबरांचा विषय सुनावणीत काढूच नकोस. तू काढलास तर सर फॉर्म दाखवतील. फॉर्मवर छापलेलंच आहे, दहा आकडी एकच क्रमांक लिहावा. ते म्हणतील, चूक भरणाऱ्याची. मी तो फॉर्म पाहिला. अक्षर गॅब्रियलचं नाही. खाली "फॉर्म भरणाऱ्याचे नाव" असं आहे, तिथे रॉनीचं नाव आहे.

म्हणून म्हणते, राहू दे.

मला माफ कर असं लिहीत नाही, कारण तू करणार नाहीस हे मला माहीत आहे.

ममता

---

तारोडी, ३ नोव्हेंबर

ममता,

तू आली नाहीस, म्हणून काय झालं ते तुला सांगणं भाग आहे. नोंद तर कुठेतरी राहायला हवी.

तुझं पत्र मी वाचलं होतं आणि तरीही मी विषय काढला. मला वाटलं, फॉर्म कुणाच्याही हातचा असो, मी बोलले की लोक समजतील. आयुष्यभर हाच माझा गर्व, की मी बोलले की लोक समजतात. हॉल भरलेला होता. तुझे सर साहेबांच्या शेजारी, पांढऱ्या शर्टात, शांत. त्यांच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. मी पर्समध्ये तुझं तीन ऑक्टोबरचं पत्र ठेवलं होतं.

मी उभी राहिले आणि विचारलं, "एका रकान्यात दोन नंबर असले तर तुमचं यंत्र काय करतं?"

तुझ्या सरांनी प्रोजेक्टरने भिंतीवर फॉर्म दाखवला. भला मोठा. "बाई, सूचना स्पष्ट छापलेली आहे. फॉर्म चुकीचा भरला तर सिस्टीम काय करणार? कुणी भरलाय हा?"

कुणी सांगायची गरजच पडली नाही. रॉनीचं अक्षर सगळ्या गावाला ठाऊक. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर माशांचे भाव तोच लिहायचा. त्याचा तो शेपूट काढलेला सात. गॅब्रियलला लिहायचा कंटाळा, म्हणून त्यानेच फॉर्म भरला, आणि वहिनीचा नंबर आठवणीने घातला. शॅनन पुढच्या रांगेत होती. ती भिंतीकडे बघत उठली. तिचा हात पुढे आला, त्या अक्षरांच्या दिशेने. शेजारी कुजबुज सुरू झाली. "रॉनीनंच लिवलंय." "म्हंजे त्याच्याच हातानं..."

मी पर्समध्ये हात घातला. खरंच घातला, ममता. तुला दिलेला शब्द मोडून मी ते पत्र वाचणार होते. लिहिलेलं होतं ना तुझ्या हाताने, दोष त्या आकड्यांचा नाही, त्या रिकाम्या दरवाजाचा आहे.

तेवढ्यात मागून गॅब्रियल उभा राहिला. म्हणाला, "फॉर्मचं काय घेऊन बसलाव? मेसेज आलता. मी बघितला. बघून गेलो."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे आधीची जबानी खोटी?"

"होय. खोटी."

साहेबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. तुझ्या सरांनी खाली बघितलं. त्यांना खरं माहीत होतं, मला माहीत होतं, गॅब्रियलला माहीत होतं. त्या खोलीत सत्य जाणणारी तीन माणसं होती आणि तिघांनीही खोट्याची नोंद होऊ दिली. भिंतीवरचा फॉर्म बंद झाला. गॅब्रियलचा परवाना रद्द झालाय. पोलीस केसचं काय होईल ते कळेल.

परत येताना, वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत होते तिथे मी त्याला गाठलं. ओरडले. "तुझ्या बायकोला, पोरांना काय सांगशील? मी सिद्ध करणार होते!"

तो म्हणाला, "काय सिद्ध करनार? तू बोलशील, ते बोलतील, आन भिंतीवर त्याचं अक्षर राहील. शॅनन रोज उठून तेच बघेल. माझ्यावर राग धरून ती जगंल तरी. मी हाय जिता, मला सोसतंय."

वादविवादाची एवढी बक्षिसं घरात धूळ खात पडलीत, आणि मी त्याच्या मागोमाग घरी चालत आले.

काल मृतांचा सण होता. सगळं गाव स्मशानात मेणबत्त्या घेऊन. गॅब्रियल फाटकाच्या बाहेर उभा होता, आत आला नाही. शॅननने रॉनीच्या कबरीवर झेंडू घातला, मेणबत्ती लावली, मग माझ्याजवळ आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. माझा हात धरून म्हणाली, "तुझा भाव शेवटी खरं बोलला, जुडिथ. एवढं तरी केलंन."

मी कुठल्याही सभेत गप्प बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी मान हलवली.

तुझं तीन ऑक्टोबरचं पत्र सोबत परत पाठवतेय. माझ्याकडे त्याचा आता उपयोग नाही, आणि शॅननच्या हाती ते कधी लागता कामा नये. तुमच्याकडे ठेवा. सरांना सांग, आता लाल ओळ कुठेच नाही. मंत्रालयात दाखवायला हरकत नाही.

उत्तर देऊ नकोस. मावशीला मी सांगितलंय, कागद घेऊ नकोस म्हणून.

जुडिथ